भाईजानचं माप

आमचे भाईजान, म्हणजे माझे थोरले बंधू, पेशानं शिंपी. मिरजेत त्यांचं छोटंसं दुकान आहे. आता ते त्यांचा मुलगा बघतो, पण चाळीस वर्षं त्या दुकानातलं कापड भाईजाननी कापलं. शिलाईला दोन कारागीर असत. कात्री मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की ते टेप टाकत आणि मापं मोठ्यानं बोलत. लांबी तीस, छाती चाळीस, खांदा अठरा, बाही चोवीस, कॉलर सोळा. दुकानातला पोरगा ती वहीत उतरून घेई. कापायला बसायच्या वेळी भाईजान ते पान एकदा वाचत, वही मिटून बाजूला ठेवत आणि खडू उचलत. मग चहा येवो, रस्त्यावरून वरात जावो, शेजारचा फळवाला गप्पा मारायला बसो, ते पाच आकडे त्यांच्या डोक्यात जागच्या जागी असत. कापड कापून झालं की मात्र पार पुसले जात. संध्याकाळी त्याच गिऱ्हाइकाचं माप विचारलं तर म्हणायचे, "वही बघ."

सात-आठ वर्षांपूर्वी यात काहीतरी बिनसलं. रेघ मारायची, थांबायचं, वही उघडायची. पुन्हा रेघ, पुन्हा वही. एका नवरदेवाच्या शेरवानीला छातीच्या जागी कमरेचं माप लागलं आणि महागाचं कापड वाया गेलं. भाईजान गप्प गप्प राहू लागले. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही. दुकान उघडायला अकरा वाजायचे. भाभी म्हणायच्या, "यांचं मनच लागत नाही कशात." मी तर ईदच्या दिवशी चारचौघांत त्यांना म्हणालो, "भाईजान, आता हा आळस सोडा. पोरं बघतायत." धाकट्या भावानं थोरल्याला असं बोलायची आमच्याकडे रीत नाही. ते माझ्याकडे बघत राहिले आणि आमच्या घरच्या दखनीत एवढंच म्हणाले, "याद में पकडताऊं रे, पर टिकता नै." डोक्यात धरतो, पण टिकत नाही.

ते वाक्य मला आज फार अचूक वाटतं. त्यांना आठवण नव्हती असं नाही. चाळीस वर्षांपूर्वीची गिऱ्हाइकं नावानिशी आठवत होती. जात होतं ते दोन मिनिटांपुरतं हातात धरून ठेवायचं बळ. पुढे त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा, हात मांडीवर स्वस्थ असताना, बिडी वळल्यासारखा हलू लागला. वहीतले आकडे मुंगीएवढे झाले. मग आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि नाव कळलं. कंपवात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरानं १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं, म्हणून जगभर त्याचंच नाव. डॉक्टर म्हणाले, मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतंय.

मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस. कविता लिहितो. मेंदूबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण भाईजानची धाकटी मुलगी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिनं कागदावर चित्रं काढून मला बरंच समजावलं आणि मग मीच त्या विषयाच्या नादी लागलो. ईदच्या दिवशी मी जे बोललो त्याची बोच होती, हेही खरं.

आपल्या कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग आहे, त्याचं एक मोठं काम म्हणजे समोर नसलेली गोष्ट थोडा वेळ मनासमोर धरून ठेवणं. टेलिफोन नंबर वहीत बघून फिरवेपर्यंत आपण जसा घोळवतो, तसं. शास्त्रज्ञ याला कार्यस्मृती म्हणतात. गझल लिहिताना मी हेच करतो. रदीफ ठरलेला असतो, काफिया ठरलेला असतो, वृत्ताची चाल कानात चालू असते आणि हे सगळं एका हातात धरून दुसऱ्या हातानं मी शब्द चाचपत असतो. मधेच दाराची बेल वाजली आणि दूधवाल्याचा हिशेब करावा लागला, तर परत येईस्तोवर कधी कधी सारं ओघळून गेलेलं असतं.

हे धरून ठेवणं मेंदू कसं करतो, याचा पहिला सुगावा १९७१ साली लागला. अमेरिकेत होआकिन फुस्टर आणि जपानमध्ये कुबोटा आणि निकी यांनी माकडांवर प्रयोग केले. माकडाला खाऊ कुठे आहे ते दाखवायचं, मग काही सेकंद पडदा पाडायचा आणि नंतर निवड करायला सांगायचं. पडदा पडलेला असताना समोर काहीच दिसत नाही. तरीही कपाळामागच्या काही पेशी तेवढा वेळ सतत ठिणग्या टाकत राहतात. जणू एकमेकींना सांगत राहतात, उजवीकडे आहे, उजवीकडे आहे. हा जप थांबला की माकड चुकतं.

आता यात डोपामिन कुठे आलं? १९७९ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ब्रोझोस्की, ब्राउन, रोझवोल्ड आणि पॅट्रिशिया गोल्डमन या चौघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माकडासमोर दोन जागा. खाऊ एकदा डावीकडे, पुढच्या वेळी उजवीकडे. म्हणजे मागच्या खेपेला कुठे होता ते प्रत्येक वेळी लक्षात ठेवायचं. या शास्त्रज्ञांनी कपाळामागच्या एका लहानशा भागातलं डोपामिन तेवढं नष्ट केलं. पेशी तशाच ठेवल्या. मेंदूचा तो भाग कापूनच टाकला असता तर माकडं जितकी चुकली असती, जवळजवळ तितकीच ती आता चुकू लागली. आणि डोपामिनची उणीव भरून काढणारी औषधं दिल्यावर पुन्हा बरोबर निवडू लागली. मी हे वाचलं तेव्हा भाईजानची वही डोळ्यांपुढे आली. दुकान होतं, कारागीर होते, कात्रीला धार होती. नव्हतं ते कुठलंसं चिमूटभर रसायन. पॅट्रिशिया गोल्डमन पुढे येल विद्यापीठात गेल्या, गोल्डमन-राकिश या नावानं जगभर ओळखल्या गेल्या आणि २००३ साली रस्ता ओलांडताना मोटारीची धडक बसून गेल्या. कार्यस्मृतीचं आज जे काही ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं त्यांच्या कामावर उभं आहे.

इथे जरा वाट वाकडी करतो, कारण डोपामिनच्या शोधाच्या गोष्टीत आपल्या मातीतल्या दोन वनस्पती आहेत आणि ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

पहिली सर्पगंधा. झोप लागावी, डोकं शांत व्हावं म्हणून आपल्याकडचे वैद्य आणि हकीम तिची मुळी पूर्वापार देत आले. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१च्या सुमाराला तिच्यातली द्रव्यं वेगळी काढली आणि त्यातल्या एकाला ते कॉलेज उभारणाऱ्या हकीम अजमल खानांची आठवण म्हणून अजमलीन नाव दिलं. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे दाखवणारा निबंध ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या मासिकात छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेतून रेसरपीन नावाचं द्रव्य निघालं. रक्तदाब उतरे, पण काही रोग्यांचं मन खचे, हातपाय आखडत, चेहरा निर्विकार होई. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी हेच रेसरपीन सशांना दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांनी सशांना एल-डोपा टोचलं. शरीरात डोपामिन बनतं ते या एल-डोपापासून. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. तोवर डोपामिनला कुणी विचारत नव्हतं. दुसरं एक रसायन बनवताना मधे लागणारा कच्चा माल, एवढीच त्याची किंमत. कार्लसन यांनी त्याला मेंदूतला स्वतंत्र निरोप्या ठरवलं आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं.

दुसरी वनस्पती म्हणजे कोकणात, घाटात ज्या वेलीला आपण चुकूनही हात लावत नाही ती खाजकुहिली. तिच्या बियांत हेच एल-डोपा असतं. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते वेगळं काढलं होतं. हे सांगितल्यावर काही मंडळी उद्या बाजारात कवचबीज विचारायला जातील, म्हणून लगेच सांगतो, तसं करू नका. पुढे भाईजानचं काय झालं ते ऐकल्यावर का ते कळेल.

तर हे रसायन कपाळामागे नेमकं करतं काय? डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं हल्ली सर्रास म्हणतात. मोबाइल वाजला, डोपामिन. जिलेबी खाल्ली, डोपामिन. हे अगदीच खोटं नाही, पण ढोबळ आहे. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर जे प्रयोग केले, त्यांत असं दिसलं की मेंदूच्या मुळाशी असलेल्या डोपामिनच्या पेशी ध्यानीमनी नसताना रस मिळाला की उसळतात. रोज दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकडाला कळलं, की त्या दिव्यालाच उसळतात, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या नेमक्या क्षणी गप्प होतात. म्हणजे त्यांचा हिशेब आनंदाचा नाही. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी, याचा आहे. हा हिशेब मुख्यतः मेंदूच्या आतल्या गाभ्यासाठी चालतो, आणि भाईजानच्या गोष्टीत तो पुढे लागणार आहे.

कपाळामागच्या भागात मात्र डोपामिनचं वागणं निराळं आहे. इथे ते निरोप आणत नाही, निरोप नीट ऐकू येईल अशी व्यवस्था करतं. रेडिओवर बोलतोय म्हणून रेडिओचाच दाखला देतो. आमच्या अब्बांकडे व्हॉल्व्हचा जुना रेडिओ होता. सुई सांगलीवर आणायची तर अब्बाच लागत. जरा इकडे, की खरखर आणि मागे दुसरंच कुठलं स्टेशन. जरा तिकडे, तरी खरखर. मधे केसाएवढी जागा, तिथे बातम्या स्वच्छ.

हे मी उपमा म्हणून सांगतोय, पण २००७ साली येल विद्यापीठातल्या एमी आर्न्स्टन यांच्या प्रयोगशाळेतून आलेला निबंध जवळजवळ हेच सांगतो. माकडाला पडद्यावरच्या एका ठिपक्याची जागा लक्षात ठेवायची होती. कपाळामागची एक पेशी उजव्या ठिपक्यासाठी जागी होते, दुसरी डाव्या, तिसरी वरच्या. प्रत्येकीची आपली दिशा. पण पेशी काही इतक्या शिस्तीच्या नसतात. आपली दिशा नसतानाही थोडी बडबड करतातच. शास्त्रज्ञांनी पेशीजवळ, डोपामिन जिथे चिकटतं तिथलाच एक खटका दाबणारं औषध थेंबाथेंबानं सोडलं. थोडं सोडल्यावर काय झालं? आपल्या दिशेचा आवाज वाढला नाही. इतर दिशांची बडबड कमी झाली. म्हणजे गाणं तेवढंच, खरखर गेली. आणि औषध वाढवलं तेव्हा? बडबड तर थांबलीच, पेशीचं स्वतःचं बोलणंही थांबलं. सगळंच चिडीचूप.

या विषयात मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही गोष्ट. कपाळामागे डोपामिन कमी पडलं की सगळी स्टेशनं एकमेकांत मिसळतात, कुठलाही आकडा टिकत नाही. मापात असलं की हवं ते टिकतं, नको ते दबतं. आणि मापाबाहेर वाढलं तर पुन्हा काही टिकत नाही. जास्त म्हणजे चांगलं, हा हिशेब इथे लागूच होत नाही. एखाद्या टेकडीसारखं आहे. एका बाजूनं चढ, माथ्यावर थोडी सपाटी आणि पलीकडे उतार.

आणि प्रत्येक माणूस त्या टेकडीवर जन्मतःच वेगळ्या जागी उभा असतो. मेंदूत इतरत्र डोपामिनचं काम झालं की ते पटकन पुन्हा पेशीत ओढून घेतलं जातं. कपाळामागे ही ओढून घेणारी यंत्रणा तोकडी आहे. तिथे ते रेंगाळतं आणि त्याचा निकाल लावायचं काम बरंचसं एका विकराकडे असतं. हा विकर काहींच्यात जलद काम करतो, काहींच्यात सावकाश, आणि ते आईबापांकडून आलेलं असतं. २००३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. डोपामिन वाढवणारं एकच औषध दोन्ही प्रकारच्या माणसांना दिलं. ज्यांच्यात मुळात कमी होतं, त्यांच्या मेंदूचं काम सुधारलं. ज्यांच्यात आधीच पुरेसं होतं, त्यांचं अवघड कामात उलट बिघडलं. एकाला मानवलेली गोळी शेजाऱ्याला का मानवत नाही, याचं एक कारण यात आहे.

टेकडीच्या पलीकडच्या उतारावर मी स्वतः एकदा घसरलो आहे. एका मोठ्या मुशायऱ्यात माझं नाव पुकारलं. समोर दोनेक हजार माणसं, पहिल्या रांगेत ज्यांच्या गझला वाचून मी लिहायला शिकलो ते. मतला म्हटला, दाद मिळाली. दुसऱ्या शेराची पहिली ओळ म्हटली, लोकांनी ती उचलून धरली. आणि पुढची ओळ गेली. माझीच ओळ, शंभरदा म्हटलेली. मी पहिलीच तीनदा म्हटली. लोकांना वाटलं, रंगात आलोय. शेवटी सूत्रसंचालकानं काहीतरी विनोद करून मला खाली बसवलं. ओळ परत आली ती रिक्षात, घराच्या वळणावर. माझी समजूत होती की भीतीनं मेंदू रिकामा होतो. आता कळतं की उलटं आहे. धास्ती घेतल्यावर कपाळामागे डोपामिन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रेनलिन, दोन्हींचा पूर येतो आणि तो भाग काही काळ जवळजवळ बंद पडतो. मग कारभार जातो जुन्या, सवयीच्या, पळ किंवा लढ म्हणणाऱ्या भागांकडे. वाघ समोर आला तर ही सोय बरी. गझलेला तिचा उपयोग नाही, आणि दहावीच्या पेपरालाही नाही. परीक्षेत पाटी कोरी झालेल्या पोराला "अभ्यास केला नव्हतास" म्हणणाऱ्या बापांनी हे एकदा ऐकून ठेवावं.

आता पुन्हा भाईजानकडे येतो.

कंपवातात मेंदूच्या मुळाशी असलेला एक काळसर पट्टा झिजतो. डोपामिन बनवणाऱ्या पेशींतल्या रंगद्रव्यामुळे तो काळा दिसतो. या पेशी डोपामिन पुरवतात ते मुख्यतः मेंदूच्या गाभ्यातल्या केंद्रांना, आणि ही केंद्रं कपाळामागच्या भागाशी येण्याजाण्याच्या रस्त्यांनी बांधलेली असतात. म्हणून हात थरथरतो तसंच ठरवणं, आखणं, डोक्यात धरणं हेही सुरुवातीलाच लंगडू शकतं. लोकांना थरथर दिसते. दुसरं दिसत नाही. ते आळस म्हणून खपतं.

डोपामिनची गोळी करून दिली तर ती पोटातून रक्तात जाईल, पण रक्तातून मेंदूत शिरणार नाही. वेशीवरच अडेल. एल-डोपाला मात्र आत सोडतात. १९६१ साली व्हिएन्नात हॉर्निकीविझ आणि बिर्कमायर यांनी ते रोग्यांना टोचून पाहिलं. अंथरुणाला खिळलेली माणसं काही तासांपुरती उठून चालली. त्याखेरीज डोपामिनचं सोंग घेऊन तेच खटके दाबणारी औषधंही आता आहेत. भाईजानना आधी या दुसऱ्या जातीची गोळी दिली, प्रामिपेक्सोल नावाची. दोन महिन्यांत माणूस बदलला. आठला दुकान उघडू लागले. एक दिवस मला बोलावून समोर एक सदरा कापून दाखवला, वही न उघडता. मी घरी येऊन शुकराना नमाज पढलो.

सहा महिन्यांनी गोळीचा डोस वाढवला, आणि वर्षभरानं त्यांच्या मुलाला शिलाई मशिनच्या खणात, बॉबिनच्या डब्यामागे, लॉटरीच्या तिकिटांची पुडकी सापडली. एक-दोन नव्हे, सुतळीनं बांधलेले गठ्ठे. भाईजान, ज्यांनी आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही, मुलांना गोट्यासुद्धा पैजेनं खेळू दिल्या नाहीत, ते रोज दुपारी तिकिटं घेत होते. पैसे कुठले? भाभींनी शिवणकामातून हजसाठी साठवलेले. एक लाख तीस हजार गेले होते. हजचे पैसे जुगारात. आमच्या घरात यापेक्षा वाईट वाक्य बनवता यायचं नाही.

मी दुसऱ्यांदा त्यांना बोललो. काय बोललो ते इथे सांगत नाही. ते म्हणाले, "मला कळत होतं. तिकीट घेताना रोज वाटायचं, आजचं शेवटचं. हात थांबायचा नाही." मोहल्ल्यात बातमी गेली. मशिदीत दोघा-तिघांनी तोंड फिरवलं. शेवटी आमच्या मौलानांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ही सवय पूर्वी होती?" म्हटलं, कधीच नाही. "काही नवं औषध सुरू आहे?" आहे. "मग आधी डॉक्टरला दाखवा, मला नंतर."

खरं म्हणजे हे आम्हाला औषध सुरू करतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं. पाकिटातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर होतं, पण इंग्रजीत. २०१० साली अमेरिका आणि कॅनडातल्या तीन हजारांहून अधिक कंपवाताच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. डोपामिनचं सोंग घेणाऱ्या गोळ्या खाणाऱ्यांपैकी शंभरात सतरा जणांना जुगार, बेसुमार खरेदी, खाण्याची किंवा कामवासनेची अनावर ओढ, यांपैकी काहीतरी जडलेलं होतं. त्या न खाणाऱ्यांत सात जणांना.

असं का, याचा एक चांगला उलगडा केंब्रिजमध्ये रोशन कूल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडला. कंपवातात मेंदूतलं डोपामिन सगळीकडे सारखं आटत नाही. हालचालीच्या बाजूचा गाभा आधी कोरडा पडतो. बक्षिसाचा, अपेक्षेचा हिशेब ठेवणारा गाभा बराच काळ ओला असतो. औषध मात्र सगळीकडे सारखंच पोचतं. कोरड्या शेताला जेवढं पाणी लागतं तेवढं सोडलं, की शेजारचं ओलं शेत बुडतं. मघाशी सांगितलेली शुल्ट्झ यांची माकडं आठवा. रस आला नाही की त्यांच्या पेशी गप्प होत, आणि त्या गप्प होण्यातूनच माकड धडा घेत असे. औषध खटका सतत दाबूनच धरत असेल तर ते गप्प होणं पोचणार कसं? रोज तिकीट वाया जातं, पण वाया गेल्याची चव लागत नाही. लागतं ते फक्त उद्याचं. एकाच गोळीनं भाईजानना सदऱ्याचं माप परत दिलं आणि दुसरं माप काढून घेतलं.

डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू उतरवत बंद केली आणि एल-डोपावर भर दिला. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा आहे. अशी औषधं आपल्या मनानं एकदम सोडली तर माणूस आखडून पडू शकतो. घरात कुणी या गोळ्या घेत असेल आणि खर्चाची, खाण्याची, कसलीही नवी ओढ दिसली, तर रागावू नका, लपवू नका, डॉक्टरांना सांगा. कवचबीजाचं मघाशी म्हणालो ते याचसाठी. त्यातही डोपाच आहे, पण किती आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं.

तिकिटांची ओढ दोनेक महिन्यांत गेली. भाईजान म्हणाले, "एका सकाळी लक्षात आलं, काल दुकानासमोरून तिकीटवाला गेला आणि मी बघितलंच नाही." मोहल्ल्यातल्या लोकांना मी जमेल तसं समजावलं. काहींना पटलं. एकानं मला विचारलं, "म्हणजे चोरी केली तर डोपामिनवर ढकलायची का?" प्रश्न चुकीचा नाही. माझ्याकडे त्याला सोपं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणालो की ज्याची कात्री चाळीस वर्षं चुकली नाही, तो माणूस एका गोळीच्या आधी कसा होता आणि नंतर कसा झाला, एवढं तरी बघा. पण स्वतः भाईजान ही सवलत घेत नाहीत. ते म्हणतात, "हात माझाच होता." पैसे ते फेडतायत. मुलाच्या दुकानात रोज तीन-चार कापडं कापतात आणि त्याची मजुरी भाभींच्या डब्यात टाकतात.

गेल्या ईदला त्यांनी माझ्या नातवाचा कुर्ता कापला. मी मापं सांगत होतो, ते खडू फिरवत होते. तिसऱ्या आकड्यापाशी थांबले, माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा सांगितला. चौथ्यालाही. कुर्ता बरोबर बसला. भाभी पलीकडे शिरखुर्मा वाटत होत्या. त्यांनी भाईजानना वाटी दिली, पण त्या त्यांच्याशी अजून मोजकंच बोलतात. डब्यात चौऱ्याऐंशी हजार झालेत.